वर्गाचं जाळं काढलं आणि मैत्रीण दुरावली

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मराठवाड्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीचं हे पत्र आहे. 'सोशल कम्प्युटिंग', म्हणजे लोकांच्या ऑनलाइन वावराचा संगणकाने अभ्यास, हा ऐच्छिक विषय तिने घेतला, कारण इन्स्टावर रोजचाच वावर, सोपा जाईल असं वाटलं. निम्मं सत्र होईपर्यंत विषय मनापासून आवडू लागला. मिनी प्रोजेक्टसाठी तिने वर्गाच्या ६४ जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं चॅट एक्स्पोर्ट केलं आणि कोणाच्या मेसेजनंतर कोणाचा मेसेज आला, यावरून जाळं (ग्राफ) काढलं: प्रत्येकाचा एक बिंदू आणि दोघांना जोडणारी रेघ. सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, मधोमध आला. तिची हॉस्टेलची रूममेट मात्र एकाही रेघेशिवाय पार कडेला. लॅबमध्ये ते चित्र स्क्रीनवर असताना कोणीतरी फोटो काढला आणि तो ग्रुपवर फिरला. रूममेटने ग्रुप सोडला. आता खोलीत कामापुरतंच बोलणं होतं. गाइड सरांना ग्राफ आवडलाय. ते म्हणतात, आता इन्स्टाग्रामवरून सगळ्या कॉलेजचा डेटा घे. हातात सात आठवडे आहेत. तिचे प्रश्न असे: आकडे तर खोटं बोलत नाहीत, मग माझं चुकलं कुठे? प्रोजेक्ट सोडून देऊ का? हा विषयच लोकांवर पाळत ठेवण्याचा आहे का? सगळी अकाउंट डिलीट करावीशी वाटतात, करू का? आणि 'फेसबुकचा अभ्यास करून काय मिळणार' असं विचारणाऱ्या बाबांना काय सांगू?

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रात प्रोजेक्टचा प्रश्न पहिला आहे आणि मैत्रिणीची गोष्ट ओघात आली आहे. उत्तर मी मैत्रिणीपासून सुरू करते, कारण त्या कामाला सात आठवडे नाहीत.

तिच्याशी खोलीतच, समोर बसून बोल. व्हॉट्सअ‍ॅपवर माफीचा मेसेज नको. 'फोटो मी काढला नव्हता' हे खरं असलं तरी त्याने सुरुवात करू नकोस. दोन गोष्टी सांग: तिला न विचारता तिचं नाव त्या चित्रात घातलं, ही चूक तुझी, आणि ते चित्र तिच्याबद्दल जे सांगत होतं, तेच मुळात चूक होतं. ही दुसरी गोष्ट तिला पटवून देता यावी म्हणून पुढचा भाग नीट वाच. तिचं दिलासा म्हणून खोटं समाधान करायचं नाहीये, तांत्रिकदृष्ट्या तो ग्राफ खरोखरच चुकला आहे. ग्रुपवरचा फोटो, मुदत उलटली नसेल तर, अ‍ॅडमिनला सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, त्याला तेवढी विनंती कर. तो लोकांच्या गॅलरीत उतरला असेल, ते आता परत घेता येणार नाही. ग्रुपवर खुलासा टाकायचा की नाही, हे मैत्रिणीला विचारून ठरव. तिची हरकत नसेल तर दोन ओळी पुरेत: 'मी काढलेल्या वर्गाच्या जाळ्याची पद्धतच चुकली होती, ते मी प्रोजेक्टमधून काढून टाकलं आहे.' कोणाचंही नाव त्यात नको.

आता 'आकडे खोटं बोलत नाहीत' याकडे वळू. तुझ्या प्रोग्रामने मेसेज बरोबर मोजले असतील, त्याबद्दल शंका नाही. प्रश्न एवढाच, की दोन बिंदूंमधली रेघ म्हणजे काय? तू धरलंस, की एकामागोमाग एक मेसेज आले म्हणजे दुसरा पहिल्याला उत्तर देतोय. कुठल्याही वर्गाच्या ग्रुपवर रात्री नऊला काय चालतं, ते डोळ्यांसमोर आण:

९.१२, क: उद्याचं प्रॅक्टिकल कुठल्या लॅबला?
९.१३, ख: मेसला आज भाजी कुठली आहे?
९.१३, ग: ३ नंबरला
९.१४, घ: भेंडी

इथे खरी उत्तरं दोन. ग ने क ला सांगितलं आणि घ ने ख ला. तुझा प्रोग्राम मात्र ख–क, ग–ख आणि घ–ग अशा तीन रेघा ओढतो. तिन्ही चूक, आणि ज्या दोन खऱ्या, त्यातली एकही नाही. चार ओळींत ही गत, तर वर्षभराच्या चॅटमध्ये काय झालं असेल? शिवाय व्हॉट्सअ‍ॅपच्या एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये तारीख, वेळ, नाव आणि मजकूर एवढंच येतं. कोणता मेसेज कोणाला 'रिप्लाय' होता, ही खूण तिच्यात उतरतच नाही. म्हणजे जी माहिती तुला हवी होती, ती फाइलमध्ये नव्हती आणि तू ती अंदाजाने भरलीस.

सीआर मधोमध का आला, तेही बघ. तो सूचना टाकतो आणि खाली 'ओके'ची रांग लागते. एका सूचनेखाली ४० जणांनी ओके लिहिलं, की त्या ४० जणांमध्ये ३९ रेघा तयार होतात, ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छांचंही तसंच. असे दिवस वगळून तोच प्रोग्राम पुन्हा चालवून बघ. 'सर्वात प्रभावी' व्यक्ती बदलेल अशी माझी खात्री आहे. न बदलली, तरी तिला प्रभावी म्हणता येणार नाही. सूचना पोचवणं आणि प्रभाव असणं यात फार अंतर आहे.

आणखी तीन बारीक गोष्टी, कारण याच ठिकाणी बहुतेक प्रोजेक्ट घसरतात. एक: फाइलमध्ये नावं तुझ्या फोनमध्ये सेव्ह असतील तशी येतात. कोणी मधल्या काळात नंबर बदलला असेल, तर एकाच माणसाचे दोन बिंदू होतात. दोन: मेसेजमध्ये एंटर मारून लिहिलेल्या दुसऱ्या ओळीला तारीख नसते. ती ओळ प्रोग्रामने गाळली की लांब लिहिणारे लोक आपोआप छोटे होतात. तारखेने सुरू न होणारी ओळ आधीच्या मेसेजला जोडायची. तीन, आणि ही सगळ्यात फसवी: नेटवर्कएक्स या जाळी मोजणाऱ्या प्रोग्राम-लायब्ररीत बिटविननेस, म्हणजे इतरांच्या मधल्या वाटेवर कोण किती वेळा येतं ते, काढताना तू रेघेचं वजन म्हणून मेसेजची संख्या दिली असशील, तर ती लायब्ररी त्या वजनाला अंतर समजते. ज्यांच्यात १०० मेसेज झाले ते १०० पावलं लांब, आणि ज्यांच्यात एकच झाला ते शेजारी! जवळचे सगळे दूर होतात. १ भागिले मेसेजची संख्या, असा नवा स्तंभ करून तो अंतर म्हणून द्यावा लागतो. प्रोग्राम कुठलीही चूक दाखवत नाही, उत्तर निमूट देतो, म्हणून हे महिनोन्महिने लक्षात येत नाही.

राहिली तुझ्या मैत्रिणीची जागा. गेफी या जाळ्यांची चित्रं काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र मांडताना प्रत्येक बिंदू दुसऱ्याला दूर ढकलतो आणि रेघ दोघांना जवळ ओढते. ज्याला एकही रेघ नाही, त्याला ओढणारं कोणी नाही, म्हणून तो कडेला फेकला जातो. त्या जागेचा अर्थ एवढाच, की तुझ्या फाइलच्या काळात तिने त्या ग्रुपवर लिहिलं नाही. ती वाचत होती का, फोनवर कोणाशी बोलत होती, मेसमध्ये कोणासोबत जेवत होती, परीक्षेच्या आदल्या रात्री किती जणी तिच्या खोलीत येऊन बसत होत्या, यातलं काहीही फाइलला माहीत नाही. तुला मात्र माहीत होतं! तू तिच्यासोबत राहतेस. स्क्रीनवर ती एकटी दिसली, तेव्हा पहिला संशय चित्राचा यायला हवा होता.

जाळ्यांच्या अभ्यासात एक जुनं उदाहरण आहे, तुझ्या पुस्तकातही असणार: झॅकरीचा कराटे क्लब. अमेरिकेतल्या एका विद्यापीठातला क्लब, ३४ सभासद, ७८ रेघा. वेन झॅकरीने १९७० ते १९७२ या काळात तो जवळून पाहिला आणि १९७७ मध्ये निबंध छापला. शिक्षक आणि क्लबचा अध्यक्ष यांच्यात फीवरून वाद झाला, क्लब फुटला. कोण कोणत्या बाजूला जाईल, हे झॅकरीने जाळ्यावरून काढलं आणि एक जण सोडून सगळे बरोबर आले. नेटवर्कएक्समध्ये हे जाळं आयतं मिळतं, म्हणून विद्यार्थी एका ओळीत ते उघडतात, रंगवतात आणि पुढे जातात. निबंध फारसं कोणी वाचत नाही. त्यात दोन गोष्टी आहेत, ज्या तुला आज हव्या आहेत. पहिली, झॅकरीने क्लबमधल्या हजेरीवरून रेघा ओढल्या नाहीत. क्लबच्या बाहेर ही माणसं एकमेकांना भेटतात का, असे आठ प्रसंग त्याने ठरवले होते आणि किती प्रसंगी भेटतात ते रेघेचं वजन. रेघ म्हणजे काय, हे त्याने आधी ठरवलं, मग ओढली. दुसरी गोष्ट म्हणजे तो एक चुकलेला सभासद, नऊ नंबरचा. जाळ्याप्रमाणे तो अध्यक्षाकडे जायला हवा होता, गेला शिक्षकाकडे. का? त्याची ब्लॅक बेल्टची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती आणि दुसरीकडे गेला असता तर आधीच्या पट्ट्यावर पाणी सोडावं लागलं असतं. हे कारण ७८ रेघांमध्ये कुठेच नाही. झॅकरी त्या माणसांना ओळखत होता, म्हणून त्याला ते कळलं. तुझ्या जाळ्यात नऊ नंबर कोण आहे, हे आता तुझ्या लक्षात आलं असेल.

आता सरांनी सुचवलेला इन्स्टाग्रामचा मार्ग. माझं स्पष्ट मत आहे: नको. इन्स्टाग्रामच्या अटींमध्ये परवानगीशिवाय प्रोग्रामने डेटा गोळा करायला मनाई आहे आणि असं करणारी अकाउंट बंद होतात, हे झालं व्यवहाराचं कारण. पण त्याहून मोठं कारण 'सगळं पब्लिकच तर आहे' या समजुतीत आहे. २००८ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी एका कॉलेजच्या एका तुकडीतल्या १,६४० विद्यार्थ्यांच्या फेसबुक प्रोफाइलवरून तयार केलेला डेटा इतर अभ्यासकांसाठी खुला केला. नावं काढली होती, कॉलेजचं नावही दिलं नव्हतं. तुकडीची नेमकी संख्या आणि अभ्यासक्रमांची यादी एवढ्यावरून ते कॉलेज हार्वर्डच आहे, हे थोड्याच दिवसांत बाहेरच्यांनी ओळखलं. त्या तुकडीत काही राज्यांचे, काही देशांचे एकेकच विद्यार्थी होते. कॉलेज कळल्यावर त्यांना शोधणं अवघड नव्हतं. आणि डेटा गोळा करणारे मदतनीस त्याच कॉलेजचे विद्यार्थी होते, त्यामुळे फक्त कॉलेजच्या लोकांना दिसणारी प्रोफाइलंही त्यांना उघडी होती. कोणाला दिसावं म्हणून लिहिलेलं कोणाच्या हाती गेलं, हा तिथला प्रश्न. शेवटी डेटा मागे घ्यावा लागला. तुझ्या कॉलेजात नंदुरबारहून आलेली एकच मुलगी असेल, तर नाव काढून काय उपयोग?

त्यात प्रथम वर्षाची काही मुलं १७ वर्षांची असतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या व्यक्तीला बालक मानतो आणि बालकाच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. सरांशी बोलताना मात्र 'हे चूक आहे' असं तोंडावर म्हणून उपयोग नाही. एका पानावर लिहून ने: आधीच्या ग्राफमध्ये काय चुकलं, इन्स्टाग्रामचा डेटा का नको, आणि त्याऐवजी सात आठवड्यांत काय होऊ शकतं. पर्याय हातात असला की बहुतेक गाइड ऐकतात. आणि पहिला चुकलेला ग्राफ काढून टाकलास तरी त्याचा धडा फेकू नकोस, चित्र आणि नावं न देता 'पद्धतीच्या मर्यादा' या प्रकरणात तो का चुकला याचं विश्लेषण घाल. ओरलला बाहेरून येणारे परीक्षक रंगीत चित्रं खूप बघतात. स्वतःची पद्धत का फसली, हे नेमकेपणाने सांगणारा विद्यार्थी त्यांना क्वचित भेटतो.

हा विषय पाळतीचा आहे का? तशा कामासाठी तो वापरला जातो, हे नाकारून चालणार नाही. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने ६,८९,००३ लोकांच्या फीडमधून आठवडाभर काहींच्या आनंदी आणि काहींच्या दुःखी पोस्ट कमी केल्या आणि ते स्वतः काय लिहितात हे पाहिलं. त्या लोकांना पत्ता नव्हता. २०१४ मध्ये निबंध छापून आला, तेव्हा गदारोळ झाला. परिणाम आढळला तो अगदी किरकोळ, पण राग परिणामाचा नव्हता, न विचारण्याचा होता. तुझ्या मैत्रिणीचा रागही तोच आहे.

पण याच विषयाची दुसरी बाजू बघ. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना मारून टाकलं. ती भटक्या समाजातली, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती. त्या काळात देशात ठिकठिकाणी अशा घटना घडत होत्या आणि अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होत्या. त्याच जुलैत व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्डवर एका वेळी पाच चॅटची मर्यादा आणली. इतर देशांत ती वीस होती. पाच आणि वीस यांत काय फरक पडतो? प्रत्येक जण वीस जणांना पाठवतो असं धरलं, तर तीन टप्प्यांत २० गुणिले २० गुणिले २०, म्हणजे ८,०००. पाच धरले तर १२५. अर्थात त्या पाचांमध्ये ग्रुपही येतात, आणि तेव्हा एका ग्रुपमध्ये २५६ माणसं मावायची, म्हणजे पाच ग्रुप धरले तर एका फटक्यात हजाराच्या वर. आणि मर्यादेला खरं-खोटं कळत नाही, रक्ताची गरज असल्याचा खरा मेसेजही तिच्यामुळे हळू जातो. अफवेवर विश्वास ठेवणाऱ्या मनाचं काय करायचं, हाही प्रश्न उरतोच. तरी एका बटणामागचा एक आकडा बदलला आणि कोट्यवधी लोकांच्या जाळ्यातून बातमी पसरण्याचा वेग बदलला, हे खरं. तो आकडा किती असावा, हे ठरवायला जाळी समजणारी माणसं लागतात, आणि त्यांना राईनपाडा माहीत असावा लागतो. तू अशा माणसांपैकी व्हावंस असं मला मनापासून वाटतं, म्हणून प्रोजेक्ट सोडू नकोस.

अकाउंट डिलीट करण्याबद्दल. 'सगळ्यांचं भारी चाललंय, माझंच नाही' असं वाटतं, असं तू लिहिलंस. त्यातला काही भाग निव्वळ गणित आहे. १९९१ मध्ये स्कॉट फेल्ड या समाजशास्त्रज्ञाने दाखवलं, की बहुतेक लोकांच्या मित्रांना त्यांच्यापेक्षा जास्त मित्र असतात. चार मुली घे. एकीची तिघींशी मैत्री, त्या तिघींची मात्र आपसात नाही. मग मैत्रिणींची सरासरी ६ भागिले ४, म्हणजे दीड. पण चौघींपैकी तिघींनी आपल्या मैत्रिणीकडे पाहिलं, तर तिला तीन मैत्रिणी! ज्यांचा गोतावळा मोठा ते अनेकांच्या यादीत असतात, म्हणून प्रत्येकाला तेच दिसतात. फॉलोअर्सच्या बाबतीत हा फरक आणखी वाढतो. त्यात तुमच्यासमोर आधी काय यावं, हे प्रोग्राम ठरवतो आणि ज्यावर लोक जास्त थांबले ते पुढे ढकलतो.

म्हणून वैतागून एका रात्रीत सगळं पुसण्याआधी सात दिवस एक वही ठेव. अ‍ॅप उघडलं की तीन रकाने: किती वाजता, कशासाठी उघडलं, बाहेर पडताना काय करत होतीस. 'नोट्स बघायला उघडलं, पाऊण तासाने लग्नाची रील बघत होते' अशा नोंदी किती येतात ते मोज. नोटिफिकेशन माणसांच्या ठेव, अ‍ॅपच्या बंद कर. यूट्यूबवर पाहण्याचा इतिहास पुसून बंद केलास, तर मुखपृष्ठावरच्या शिफारशी जवळपास थांबतात. रिकामं मुखपृष्ठ एकदा बघच, शिफारस करणारी यंत्रणा कशावर जगते ते तिथे कळतं. वहीनंतरही इन्स्टा नकोसं वाटलं, तर खुशाल बंद कर. वर्गाचा ग्रुप मात्र ठेव, सबमिशनच्या तारखा तिथेच येतात. आणि दूरच्या ओळखी तोडताना विचार कर. मार्क ग्रॅनोव्हेटरने १९७३ मध्येच मांडलं होतं, की नोकरीची नवी बातमी बहुधा जिवलगांपेक्षा अशा लांबच्या ओळखीतून येते, कारण जिवलगांना आपल्याला माहीत असतं तेच माहीत असतं. पुढच्या वर्षी प्लेसमेंट आहेत.

बाबांना 'सोशल मीडिया' हा शब्दच सांगू नकोस. त्यांच्या मोबाइलवर गूगल नकाशा उघड आणि रस्त्यावरची लाल रेघ दाखव. वाहतूक कुठे तुंबली हे कोणी मोजायला उभं नसतं, त्या रस्त्यावरच्या लोकांच्या फोनवरून ते कळतं. खूप माणसांच्या छोट्या छोट्या कृतींमधून कामाची गोष्ट उभी करणं, हा तुझा विषय. मराठी विकिपीडिया २००३ पासून असाच उभा राहिला. बँकेत एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पैसे फिरवणाऱ्या टोळ्या शोधताना हीच जाळी काढतात. क्षयरोगाच्या रुग्णाच्या संपर्कातली माणसं शोधणं म्हणजेही जाळ्यातल्या रेघा धरून चालत जाणं. बाबांना यातलं एक तरी उदाहरण ओळखीचं वाटेल.

आता सात आठवडे. माणसांना न विचारता होण्यासारखा एक पर्याय आहे: मराठी विकिपीडिया. तिथलं प्रत्येक संपादन कोणी, कधी केलं, हे सगळ्यांसाठी उघडं आहे, आणि लिहिणाऱ्यांना ते माहीत असतं. कोणत्या लेखावर कोण कोण काम करतं किंवा 'चावडी'वर, म्हणजे तिथल्या चर्चेच्या पानावर, कोण कोणाला उत्तर देतं, याचं जाळं काढता येतं. सांगकाम्यांची, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामची संपादनं आधी वेगळी काढ, नाहीतर तुझं सगळं जाळं त्यांच्याभोवतीच फिरेल. सदस्यांची नावं अहवालात तिथेही नकोत. वर्गात वातावरण अजून तापलेलं असेल, तर हाच पर्याय घे. एमएसडब्ल्यू किंवा पत्रकारितेच्या ज्या विद्यार्थ्यांना असाच प्रोजेक्ट करायचाय आणि कोडिंग जमत नाही, त्यांनाही एका लेखाचा इतिहास हाताने वहीत उतरवून हे करता येईल.

वर्ग निवळला असेल, तर मला दुसरा पर्याय जास्त मोलाचा वाटतो: लोकांना सरळ विचारणं. प्रश्न एकच, आणि तो नेमका हवा. 'तुमचे मित्र कोण' असं विचारू नकोस, त्याने पुन्हा कोणीतरी दुखावेल. 'गेल्या ३० दिवसांत असाइनमेंट किंवा प्रॅक्टिकल अडलं, तेव्हा वर्गातल्या कोणाला विचारलंत?' असं विचार. सोबत संमती दिलेल्यांची छापील यादी दे आणि खुणा करायला सांग. आठवणीवर सोडलं की लोक निम्मी नावं विसरतात. 'पाचच नावं लिहा' अशी मर्यादा घालू नकोस, नाहीतर सगळ्यांच्या रेघा पाचच दिसतील आणि ती तुझ्या फॉर्मची करामत असेल. सोबत एवढंच: हॉस्टेल की अप-डाऊन. संमतिपत्र आधीच्या आठवड्यात भरून घे. त्यात चार गोष्टी हव्यात: काय विचारणार, कोण बघणार, कधी नष्ट करणार, आणि कधीही माघार घेता येईल. ज्याने संमती दिली नाही, तो यादीत नाही, म्हणजे दुसरा कोणी त्याच्या नावावर खूण करूच शकत नाही.

यादीतल्या नावांना सांकेतिक क्रमांक दे. रोल नंबर वापरू नकोस, ते सगळ्या वर्गाला पाठ असतात. चिठ्ठ्या टाकून नवे क्रमांक काढ. नाव आणि क्रमांक जोडणारा कागद एकच, सरांच्या कपाटात कुलपात, ओरल झाली की फाडायचा. लॅपटॉपवर फक्त क्रमांक.

समज, ५० जणांनी संमती दिली, ३० हॉस्टेलचे आणि २० अप-डाऊनचे. कोणी कोणाला विचारलं याच्या शक्य रेघा ५० गुणिले ४९, म्हणजे २,४५०. त्यातल्या हॉस्टेल आणि अप-डाऊन यांच्यामधल्या १,२००. सरासरी चार नावं आली, तर एकूण रेघा २००. सगळं आपोआप मिसळलेलं असतं, तर त्यातल्या साधारण ९८ या दोन गटांमधल्या असायला हव्या होत्या. तुला ४० च सापडल्या, तर कळलं, की शेवटची एसटी पकडायला पाचला निघणारी मुलं संध्याकाळच्या चर्चेला मुकतात. हा योगायोग नाही ना, ते तपासायला जाळं तसंच ठेव आणि हॉस्टेल-अप-डाऊनची लेबलं १,००० वेळा पिसून वाट. किती वेळा ४० किंवा त्याहून कमी रेघा येतात, ते मोज. पन्नासपेक्षा कमी वेळा आल्या, तर फरक खरा धरायला हरकत नाही. अहवालात फक्त गटांचं कोष्टक दे, बिंदू-रेघांचं चित्र देऊच नकोस. ५० जणांच्या वर्गात क्रमांक घातले तरी लोक आपली जागा ओळखतात. आणि निष्कर्ष आधी वर्गाला दाखव. दुपारच्या सुट्टीत अर्ध्या तासाचा अभ्यासगट एवढं जरी त्यातून ठरलं, तरी ज्यांनी फॉर्म भरले त्यांच्या ते कामी येईल.

पहिला आठवडा परवानगी आणि सरांसोबतच्या बैठकीला, दुसरा संमतिपत्रं आणि चार-पाच जणांवर फॉर्मची चाचणी, तिसरा फॉर्म भरून घ्यायला, पुढचे दोन हिशेबाला, उरलेले दोन लिहायला. फॉर्मच्या चाचणीला शक्यतो दुसऱ्या विभागातली मुलं घे. तुझ्या मैत्रिणीला चाचणीसाठी विचारू नकोस, ते तिला भरपाईसारखं वाटेल. संमतिपत्र मात्र तिलाही इतरांसारखंच मिळू दे, शक्यतो तुझ्या हातून नको, सरांकडून. तिने ते कोरं परत केलं, तर तिचं नाव यादीत येणार नाही. कोरं का दिलं, हे खोलीत विचारू नकोस.